गोमा आघाण बोलताय का?

"गोमा नवशा आघाण बोलताय का?"

"हो, बोलतोय," हरेश म्हणाला.

फोन आला तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून चहा पीत होता. नाव कानावर पडल्याबरोबर त्याने पेला ठेवला, पुढे सरकून बसला आणि आवाज अर्धी पट्टी खाली उतरवला. गोमा असाच बोलायचा, छातीतून, जरा घसा खरवडून. हरेशला आता त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नसे. चौथं वर्ष होतं.

"सर, मी नेहा. तुमच्या कंपनीच्या एलईआय कोडचं नूतनीकरण आलंय. जन्मतारीख सांगाल?"

"एक जून एकोणऐंशी."

ही तारीख हरेशची स्वतःचीही होती. आश्रमशाळेच्या गुरुजींनी दाखल करताना अर्ध्या डोळखांब गावाला एक जूनला जन्माला घातलं होतं, त्यात दोघेही होते.

"थँक्यू सर. आधारवरून सही अजून आलेली नाही. ओटीपी टाकला की झालं. आज साडेचारला मी यादी बंद करते. तोवर नाही आलं तर तुमच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवरच एकदा फोन करीन, खात्रीसाठी. चालेल ना?"

"चालेल की," गोमाच्या आवाजात हरेश म्हणाला आणि फोन ठेवल्यावर खोकला. तो खोकलाही त्याचा नव्हता.

समोरच्या टेबलावरून रंजिताने मान वर केली. जीएसटीचे अर्ज भरणारी ही मुलगी ऑफिसात येऊन दोनच वर्षं झाली होती, पण कोणाला कुठे टाचणी लावायची ते तिला बरोबर कळत असे. "झाली का गोमाशेठ, मुंबईची बोलणी?"

"तू तुझं काम कर."

"मी आपली विचारते. मालक माणसं तुम्ही."

शहापूरच्या पेठेत हार्डवेअरच्या दुकानावर देसलेसाहेबांचं हे कर-परवान्यांच्या कामांचं ऑफिस. हरेश इथे एकोणीस वर्षं होता. साहेबांचा शिक्का, हरेशची मेहनत, अशी वाटणी पहिल्यापासूनची. कोणत्या कारखान्याचा कोणता परवाना कधी संपतो हे त्याला तोंडपाठ असे. त्याची बायको अनिता म्हणायची, "माझा वाढदिवस सोडून जगाच्या तारखा ह्यांच्या डोक्यात." त्यात खोटं काही नव्हतं.

आणि एलईआय म्हणजे तर त्याचा खास प्रांत. वीस अक्षर-अंकांची ओळख. माणसाला आधार तसा कंपनीला हा कोड. देशाबाहेर मोठी रक्कम जाणार-येणार असली की बँक आधी तो मागते. जगात कुठेही बसून कुणीही तो टाकून बघावा: कंपनीचं नाव, पत्ता, नोंद चालू आहे की नाही, सगळं समोर येतं, एक पैसा पडत नाही. दर वर्षी नूतनीकरण करायचं. चुकलं तर नोंदीपुढे 'मुदत संपली' असा शेरा बसतो. पुसत मात्र काही नाहीत. कंपनी बुडाली, मालक परागंदा झाले, तरी तो कोड दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि नोंद जिथल्या तिथे राहते.

हरेशला त्यातल्या शेवटच्या दोन अंकांचं भारी कौतुक. आधीच्या अठरांवरून गणित करून ते काढलेले असतात. मधलं एक अक्षर जरी कुणी इकडचं तिकडे केलं तरी ते दोन अंक चुगली करतात. "खोटं बोललं की ओरडणारं असं काही माणसाच्या अंगात बसवायला पाहिजे होतं," असं तो एकदा रंजिताला म्हणाला, आणि मग दिवसभर कुणाशी बोलला नाही.

त्याने आधारच्या सहीची खिडकी उघडली, बटण दाबलं. इथे शहापुरात दाबलेलं बटण तिकडे डोळखांबच्या वरच्या पाड्यावर वाजलं असणार. त्याने फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर लहानीने उचलला. लहानी म्हणजे गोमाची बायको. मागे सुपात काहीतरी पाखडल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"वहिनी, आला का आकडा?"

"आलाय."

"सांगा मग. एकेक सांगा."

सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"वहिनी? दहा मिनिटांत बाद होतो तो."

"हू दे बाद. फोनवर नाय सांगायची. तुमी हितं या."

"अहो, आज टाइम नाही मला."

"मला लय टाइम हाय," लहानी म्हणाली आणि फोन बंद झाला.

*

कंपनीचं नाव जांभूळमाळ एक्झिम प्रायव्हेट लिमिटेड. कागदावर ती प्लॅस्टिकचे दाणे परदेशी पाठवते. तिचं गोदाम मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला आहे. पत्र्याची शेड, बाहेर कुलूप, आत एक मोडका वजनकाटा आणि उंदीर. खरे मालक मुंबईत कुठेतरी असतात. देसलेसाहेब त्यांना 'पार्टी' म्हणतात, आणि हरेशने एकोणीस वर्षांत एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती, ती म्हणजे पार्टीचं नाव विचारायचं नसतं.

त्या गोदामावर गोमा राखणीला होता. नोकरी हरेशनेच लावून दिली होती. सात-आठ वर्षांपूर्वी साहेबांना एका डायरेक्टरची निकड लागली आणि कंपनीला एक पत्ता हवा झाला. साहेब म्हणाले, "तुझा तो गोदामवाला भला माणूस दिसतो." हरेशने गोमाला विचारलं. गोमाने एवढंच विचारलं, "सही कुठं करू?"

मग एका रविवारी हरेश पत्र्याची पाटी घेऊन पाड्यावर गेला. नियम असा, की कंपनीच्या कार्यालयाचा पाटीसकट फोटो लागतो, पुढे डायरेक्टर उभा पाहिजे. लहानीने सकाळीच भिंत सारवली होती, ओल चढलेली होती, पाटी ठोकताना शेण हाताला लागत होतं. गोमाला स्वतःचा शर्ट नीट नव्हता म्हणून हरेशने अंगातला काढून दिला आणि बनियनवर फोटो काढला. लहानीला बाजूला व्हायला सांगितलं. घर क्रमांक सतरा, वरचा पाडा, डोळखांब: त्या दिवसापासून जगातल्या कुठल्याही बँकेला दिसेल असा तो पत्ता झाला. पाड्यावरच्या लोकांनी गोमाचं नाव 'कंपनी' ठेवलं. "कंपनी, कोयता दे रं जरा," असं चाले. गोमा हसायचा. "माज्या घरात कंपनी हाय, पन कोंबड्या आयकत नायत," म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात त्याला कावीळ झाली. तीन आठवड्यांत आटोपला. बाराव्याला हरेश जाऊ शकला नाही, त्या दिवशी कसल्याशा विवरणाची शेवटची तारीख होती. तेराव्या दिवशी गेला तर लहानीने गोमाचे सगळे कागद पिशवीत घालून त्याच्या हाती दिले. "भावजी, मरनाचा दाखला तेवडा काढा. ग्रामपंचायतीत कोन मला दाद देईना. दाखला मिळाला की निराधारचा पगार लागंल."

"माझ्यावर सोडा," हरेश म्हणाला होता. आणि तेव्हा तो मनापासून म्हणाला होता, एवढं त्याच्या बाजूने लिहून ठेवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पिशवी बघितली. साहेब सकाळी भिजवलेले बदाम सोलून खातात. एक सोलत म्हणाले, "दाखला निघाला की आधार बंद. आधार बंद की सही बंद. सही बंद की कोड बंद. एक वर्ष थांब, नवा माणूस घालू, मग काढ खुशाल."

एका वर्षाची तीन झाली. आणि लहानीला दर वर्षी फोन जाई: "दाखल्याचंच काम चाललंय वहिनी. मोबाइलवर आकडा येईल तो सांगा, त्याशिवाय पुढे सरकत नाही." लहानीला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखता येत. ती रेंज मिळावी म्हणून खळ्याच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि एकेक आकडा देवाचं नाव घ्यावं तसा सांगायची.

*

"आकडा देत नाही म्हणते," हरेशने साहेबांना सांगितलं.

"मग जाऊन ये ना. बाईमाणूस आहे, गोडीने घे. पार्टीची रक्कम उद्या सकाळी निघतेय. कोड बंद दिसला तर बँक बोट लावणार नाही."

"साहेब, या वेळी तो दाखला काढूनच टाकू या का?"

"काढू की. मी कधी नाही म्हणालो?"

हे खरं होतं. साहेब कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नसत. त्यांनी एक बदाम हरेशपुढे धरला. "घे. आणि हे बघ, तीन वर्षं अर्जावर 'तयार करणार' म्हणून सही कोणाची आहे? तुझी. मी आपला शिक्क्याचा धनी. तुझ्याच काळजीने सांगतो."

हरेशने बदाम घेतला. खाल्ला नाही, पण घेतला.

तो जिन्याकडे निघाला तेव्हा रंजिताने विचारलं, "गोमाशेठ, हेड ऑफिसला का?" मग त्याचा चेहरा बघून तिने जीभ चावली आणि कीबोर्डावर वाकली.

*

मोटरसायकल त्याने खाली आंब्याखाली लावली तेव्हा तीन वाजायला आले होते. भात कापून झालं होतं, वावरांत नुसते सड उरले होते, चढाच्या वरकस जमिनीवर नाचणीची कणसं वाळत पडली होती. पाड्याची वाट चढणीची. कार्तिकातलं ऊन पाठीवर घेत तो चढत राहिला. अर्ध्या वाटेवर त्याला धाप लागली आणि तो खोकला.

वाटेकडेच्या पहिल्या घराच्या ओटीवर रखमी म्हातारी बसली होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे, उजेड-अंधार तेवढा कळे. तिने मान वळवली.

"कोन? गोमा का रं?"

"व्हय," हरेशच्या तोंडून गेलं.

गेलं ते गेलं. शब्द बाहेर पडल्यावरच त्याला ऐकू आला. म्हातारी मात्र बिचकली नाही की किंचाळली नाही. तिने समाधानाने मान हलवली. "यंदा लवकर आलास," म्हणाली आणि पुन्हा हातातल्या वालाच्या शेंगा सोलायला लागली.

भर दुपारी हरेशच्या मानेवर काटा आला. आपण हरेश आहोत असं तिला सांगावं म्हणून तो थांबला, पण ते कोणत्या आवाजात सांगायचं ते त्याला सुचेना. तो तसाच पुढे गेला.

लहानी खळ्यावर होती. भाताची रास एका बाजूला, सूप तिच्या हातात. तिने त्याला बघितलं, ऊठ-बस केली नाही. "पानी माठात हाय," म्हणाली. त्याने प्यायलं. घराच्या भिंतीवर पाटी नव्हती, दोन खिळ्यांची भोकं तेवढी होती.

"वहिनी, आकडा पुन्हा मागवतो मी. आला की वाचून घेतो, तुम्हाला त्रास नको."

"बसा."

"साडेचारच्या आत..."

"बसा म्हंते ना मी. हितं धोंड्यावर बसा. तिकडं बांधाकडं नका."

हरेश धोंड्यावर बसला. बांधाकडे का नको ते त्याने विचारलं नाही. एक कुत्रं तिथून चाललं होतं; ते बांधाच्या एका जागेला वळसा घालून गेलं. हरेशने मनाला सांगितलं, काटा असेल तिथे.

"मागल्या वर्साला," लहानी सूप खाली ठेवत म्हणाली, "मी तुमाला आकडा सांगितला नि फोन बंद कराया इसरले. कानालाच व्हता. तुमी तिकडं दुसऱ्या फोनवर बोलत व्हतात. बाई व्हती कोन तरी. ती इचारते, गोमा नवशा आघाण बोलता का. नि तिकडून ओ आली. हो, बोलतोय."

हरेश पायाशी पडलेली लोंबी चुरगळत राहिला.

"त्याच्याच आवाजात, भावजी. मी हितं खालीच बसले. मला वाटलं, ह्यो मेला नाय, हापिसात हाय. शापूरला खुर्चीवर बसलाय, चा पितोय, नि मी हितं त्याच्या नावानं कपाळ पुसून बसलेय."

"वहिनी, ते कामासाठी..."

"तुमी बाराव्याला नव्हतात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ती नुसतं सांगत होती. "आमच्यात बाराव्याला उन्हं कलली की समदा पाडा येशीवर उभा र्‍हातो. मोठी जाऊ मेल्या मानसाला तीन हाका मारते. कोनी ओ द्यायची नाय. पोरांची तोंडं दाबून धरत्यात. कुत्री बांधत्यात. तीन हाकांना ओ नाय आली म्हंजे त्याला कळतं, आपलं हितं काय नाय उरलं. मग जातो तो. नि ओ मिळाली तर? कसा जाईल? त्याला वाटतं, मी हाय अजून."

भाताच्या राशीवर एक कोंबडी चढली. लहानीने हुसकली नाही.

"आकडा आला की दुसऱ्या दिसापासून येतो. आठ-धा दिस. बांधावर बसतो. बोलत नाय. मी भाकर टाकते ती बगतो नुस्ता. भ्या नाय वाटत मला त्याचं, माजाच नवरा हाय. पन थकलाय हो तो. तिकडं जाया गावत नाय नि हितं बसाया जागा नाय. तुमी त्याला दर साल बोलवता, ओ देता, नि सोडून देता तसाच."

हरेशला काहीतरी म्हणायचं होतं. एकोणीस वर्षं तो लोकांच्या वतीने अर्जात वाक्यं लिहीत आला होता: सबब, विनंती की, चूकभूल द्यावी घ्यावी. त्यातलं एकही वाक्य इथे बसेना.

"तो आकडा दाखल्यासाठी नव्हता," तो अखेर म्हणाला.

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"भात चार महिन्यांत पिकतं, भावजी. तुमचा दाखला तीन वर्सं पिकंना. मी अडानी हाय, पन शेती करते."

त्याने घड्याळ बघितलं. सव्वाचार. खिशातला त्याचा स्वतःचा फोन थरथरला. खळ्याच्या या टोकालाच काय ती रेंज होती. साहेब होते. त्याने उचलला नाही. एक बटण दाबायचं होतं, सहा आकडे वाचायचे होते. लहानीने अडवलं नसतं, हे त्याला कळत होतं. गोमाचा मोबाइल तिच्या आणि त्याच्या मधोमध, सुपात पडला होता, आकड्याची बटणं झिजलेला. उद्या पार्टीची रक्कम सुटेल, साहेब पाठ थोपटतील, पुढच्या वर्षी नवा माणूस घालू म्हणतील. आणि नाही केलं तर? नोकरी जाईल ती जाईलच. वर तीन अर्जांवर मेलेल्या माणसाच्या सहीखाली 'तयार करणार' म्हणून त्याचं नाव आहे. दाखला निघाला की त्यावर मरणाची तारीख येणार. ती तारीख आणि त्या तीन तारखा कुणीही शेजारी-शेजारी ठेवून बघाव्यात. शेंबड्या पोरालाही चूक सापडेल.

"काय करू सांगा," तो म्हणाला.

"मी काय सांगू? ओ तुमी दिली."

साडेचारला सुपातला मोबाइल वाजला.

जुन्या मोबाइलचा तो कर्कश सूर खळ्यावरून थेट डोंगराच्या अंगाला जाऊन आदळला. कोंबडी उडाली. लहानीने फोन उचलला, हिरवं बटण दाबलं आणि तो पुन्हा भातावर ठेवला. त्या फोनचा आवाज मुळातच एवढा मोठा, की कानाला लावायची गरज नव्हती.

"नमस्कार, मी नेहा बोलतेय. गोमाजी बोलताय का?"

लहानी हरेशकडे बघत होती.

त्याच्या घशात आवाज येऊन बसला होता. त्याला तो स्पष्ट जाणवला, सुपारी अडकावी तसा. अर्धी पट्टी खालचा, जरा खरवडलेला. त्याचा पुढे सरकून बसण्याचा बेत नव्हता, तरी तो धोंड्यावर पुढे सरकला होता.

"हॅलो? गोमा आघाण?"

हरेशने दोन्ही हात तोंडावर दाबले. लहान पोराच्या तोंडावर आईने दाबावेत तसे, नाकाखाली, घट्ट. तळव्यांना भाताच्या धुळीचा वास होता. डोळ्यांत पाणी आलं ते त्या धुळीचं असेल.

पलीकडे मुंबईच्या त्या ऑफिसात कुणीतरी हसल्याचा, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्या मुलीने, तिला बिचारीला काय ठाऊक, कागदावर होतं ते सगळं नाव सावकाश, एकेक शब्द सुटा करून उच्चारलं.

"गोमा. नवशा. आघाण. ऐकू येतंय का सर?"

वारा पडला होता. खालच्या घराच्या ओटीवर रखमी म्हातारीचे शेंगा सोलणारे हात थांबलेले दिसत होते.

"नो रिस्पॉन्स," मुलगी शेजारच्या कुणाला तरी म्हणाली. फोन बंद झाला.

मग लहानीने पदर खांद्यावर घेतला, उठून बांधापर्यंत गेली, तिथे उभी राहून उताराकडे, ओढ्याच्या दिशेने बघत राहिली. बांधावर कोणी नव्हतं. हरेशला तिथे आधीही कोणी दिसलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. पण त्याला बराच वेळ तोंडावरचे हात काढायची छाती झाली नाही, आणि काढले तेव्हा बोटांचे वळ गालांवर उमटले होते.

खिशातला फोन पुन्हा थरथरू लागला. तो उठून दोन पावलं घराकडे सरकला. तिथे रेंज नव्हती.

*

देसलेसाहेब रागावले नाहीत. "तुझी तब्येत बरी दिसत नाही. घरी थांब काही दिवस," म्हणाले. किती दिवस ते बोलले नाहीत, आणि त्यांनी बदामही पुढे केला नाही. हरेशने टेबलाचा खण रिकामा केला. लहानीची पिशवी कपाटात सगळ्यात खाली होती. ती त्याने उचलली. रंजिता जिन्यापर्यंत आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण 'गोमाशेठ' सोडून त्याचं दुसरं नाव तिच्या जिभेवर पटकन येईना. "हरेशदादा, जपून," शेवटी म्हणाली.

वर्ष उलटून गेलेल्या मरणाची नोंद ग्रामपंचायतीत होत नाही, तालुक्याच्या साहेबांचा हुकूम लागतो. मार्गशीर्षातल्या एका सोमवारी हरेश आणि लहानी शहापूरच्या त्या कचेरीत बाकावर बसले. अर्ज हरेशने लिहिला होता, सोबत आपलं प्रतिज्ञापत्र जोडलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने पानं उलटली.

"विलंबाचं कारण कोरं का ठेवलं? 'अज्ञानामुळे' लिहा. सगळे तेच लिहितात."

हरेशने कागद मागून घेतला. उभ्या उभ्या खिडकीच्या फळीवर टेकवून त्याने लिहिलं: 'अर्जदार बाईने वेळेत सर्व कागद दिले होते. ते मी स्वतःजवळ ठेवून घेतले.' खाली सही केली. सही स्वतःची, हरेशची.

कारकुनाने वाचलं. चष्मा काढून वर बघितलं. "अहो, असं लिहिलंत तर उद्या तुमच्यावर येईल."

"माहीत आहे."

"बाई, हे तुमचे कोण?"

लहानीने हरेशकडे बघितलं. "मालकाच्या वर्गातले," ती म्हणाली. कारकुनाने शिक्का मारला आणि पोच फाडून दिली.

एसटी स्टँडवर डोळखांबची गाडी लागायला वेळ होता. हरेशने दोन वडापाव आणले. खाताना म्हणाला, "आणखी एक सांगायचं राहिलंय. तो कोड बंद पडला. पण नोंद ते लोक पुसत नाहीत. मी काल बघितलं. कंपनीच्या नावाखाली तुमच्या घराचा पत्ता तसाच आहे. राहणार तो तसाच."

"काय लिवलंय?"

"घर क्रमांक सतरा, वरचा पाडा, डोळखांब."

"त्याचं नाव हाय का त्यात?"

"नाही. नुसता पत्ता. जगात कुणालाही दिसतो."

लहानीने वडापावच्या कागदाचा बोळा करून हातात धरला, टाकायला जागा शोधली. "मग र्‍हाऊ दे," म्हणाली. "पत्ता खोटा नाय. घर हाय तितं."

गाडी लागली. लोक दाराशी गर्दी करू लागले, त्यातून वाट काढत ती वर चढली आणि खिडकीशी बसली. कागदांची पिशवी तिने शेजारच्या जागेवर ठेवली. हरेश खाली उभा होता. पोच जपून ठेवा, असं तो सांगत होता, पण इंजिन सुरू झालं होतं आणि तिला ऐकू येत नव्हतं.

भाजीची पाटी घेतलेली एक बाई आत धापा टाकत आली. पिशवी ठेवलेल्या जागेकडे बोट करून तिने विचारलं, "हितं कोन बसलंय का गो?"

लहानीने त्या जागेकडे बघितलं. क्षणभर जास्तच बघितलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"नाय," ती म्हणाली. "कोन नाय. बस तू."